डेंगळ्याचं कौतुक

दौंड तालुक्यातल्या भांडगावासारख्या गावात घरापुढच्या बागेचा विषय निघाला, की दोन मतं समोरासमोर येतात. एक मत म्हणतं, पाण्याची मारामार असलेल्या मुलखात फुलांची हौस परवडत नाही; परवडलीच तर रोज फूल देणारं, देवाला चालणारं झाड लावावं. दुसरं मत म्हणतं, नेमक्या याच मुलखात कंदांची फुलझाडं लावायला हवीत आणि चैत्र-वैशाखात ती फुलताना बघण्याचं सुख इथल्या माणसाला इतरांपेक्षा जास्त कळावं. हा लेख दुसऱ्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकते. पण समोरच्याचं म्हणणं दुबळं करून मांडायचं आणि मग ते पाडून दाखवायचं, यात काही अर्थ नाही. म्हणून पहिलं मत आबांच्या तोंडी दिलं आहे. आबा म्हणजे कुणी एक गृहस्थ नव्हेत. उसाचा आणि कांद्याचा हिशेब पाठ असलेला, बाहत्तरचा दुष्काळ न विसरलेला, या पट्ट्यातला कुठलाही जुना शेतकरी समजावा.

आबा : ताई, फुलांवर लिवायला आमची ना न्हाई. पण हितं पाऊस किती पडतो ते आधी बगा. पाचशे मिलिमीटरच्या आसपास गेला तर वर्ष बरं म्हणायचं. खडकवासल्याच्या कालव्याचं आवर्तन येळेवर सुटलं तर ऊस, न्हाईतर बोरला हात जोडायचे. आन् तुमचा तो वसंत! पंचांगात चैत्र-वैशाख लिवलाय, पण हितं चैत्रात पारा चाळिशीला टेकतो, ढेकळं तापून निघत्यात. अशात जमिनीतनं फूल वर काढायचं म्हंजे थंड मुलखातलं काम. सिनेमात बघितलंय की आमी, अमिताभ आन् रेखा ट्यूलिपच्या बागंत. तिथं ते शोभतं.

मी : आबा, गैरसमजाचं मूळ तुम्हीच दाखवून दिलंत. 1981 साली ‘सिलसिला’ आला, त्यात नेदरलँड्समधली कोकेनहॉफची बाग दिसली आणि तेव्हापासून ‘वसंतातले कंद’ म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढे ट्यूलिपच उभा राहतो. पुढे 2007 साली श्रीनगरला झबरवान डोंगराच्या पायथ्याशी ट्यूलिपची मोठी बाग सुरू झाली आणि चित्र पक्कं झालं. आता ट्यूलिप आपल्याकडे का जमत नाही, हे तुमच्याच शेतातल्या भाषेत सांगते. कांद्याचं रोप लवकर लावलं आणि थंडी लांबली, की कांद्याला डेंगळे येतात. म्हणजे रोप पुरेसं मोठं झालेलं असताना सलग बरेच दिवस दहा-पंधरा अंशांची थंडी लागली, की ते गड्डा पोसायचं सोडून फुलाचा दांडा काढतं. ट्यूलिपचंही काम थंडीवरच चालतं, फक्त त्याची भूक फार मोठी. त्याचा दांडा नीट वर यायला कंदाला बारा ते सोळा आठवडे पाच ते नऊ अंशांची थंडी लागते. आपल्याकडे पौषात काही रात्री पारा दहाच्या खाली जातो, पण दुपारी तो पुन्हा अठ्ठावीस-तीसवर असतो. एवढ्यावर ट्यूलिप फसत नाही. काही हौशी लोक कंद फ्रिजमध्ये ठेवतात. पण शेजारी सफरचंदं किंवा केळी असली, तर त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूनं आतली कळी मरते. एवढं सांभाळून एकदा फूल आलं, तरी आपल्या उन्हाळ्यात तो कंद पुढच्या वर्षासाठी पोसला जात नाही, म्हणजे दर वर्षी नवी खरेदी. दिल्लीतल्या रस्त्यांच्या कडेला अलीकडे ट्यूलिप फुलवतात, त्यासाठीही हजारोंच्या संख्येनं परदेशी कंद आणावे लागतात. तेव्हा ट्यूलिपपुरतं तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. पण कंद ही युक्ती मुळात थंडीसाठी निघालेली नाही. वर्षातले काही महिने पाणी मिळत नाही अशा मुलखात ज्या झाडांनी आपला जीव जमिनीखाली नेऊन ठेवला, ती कंदांची झाडं. ट्यूलिप ज्या मध्य आशियाच्या डोंगरांतून आला, तिथला उन्हाळाही कोरडाच असतो. बर्फ ही त्याची एक बाजू झाली, कोरड ही दुसरी. आपल्या पठारावर कोरडच मोठी. म्हणून आपण कंद निवडायचे ते कोरडीत झोपणारे.

आबा : डेंगळ्याची गोष्ट तुम्ही काढली म्हणून बोलतो. डेंगळा आला की आमचा कांदा गेला. मधी दांडा कडक होतो, गड्डा पोसत न्हाई, टिकत न्हाई, व्यापारी बाजूला काढून टाकतो. जे आमच्या रानात नुकसान, त्याचंच अंगणात कौतुक करायचं? पोट भरल्याली माणसं अशी बोलत्यात.

मी : टोमणा वर्मी लागणारा आहे, पण वादाचा गाभाही त्यातच आहे. आजचं वनस्पतिशास्त्र कांदा, लसूण आणि आपण ज्याला अमरिलिस म्हणतो तो लिलीचा गड्डा यांना एकाच कुळात धरतं. गड्डा कापून बघितला तर दोन्हीकडे रचना तीच, एकात एक गुंडाळलेले पानांचे मांसल तळ, म्हणजे झाडाची शिदोरी, आणि मधोमध कोंब. शेतात आपण ती शिदोरी फुलाच्या आधी काढून घेतो. अंगणात ती झाडालाच खर्च करू देतो. शेतकरी म्हणून तुम्ही शिदोरीच्या बाजूचे आहात, ते योग्यच आहे. पण मग हेही मान्य करा, की कंद सांभाळायची विद्या तुमच्याइतकी शहरातल्या एकाही बागवाल्याकडे नाही. उन्हाळी कांद्याच्या माना पडायला लागल्या की पाणी तोडायचं, काढल्यावर पातीखाली सुकवायचा, मान नीट वाळल्याशिवाय कापायची नाही, चाळीत हवा खेळती ठेवायची. हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. उन्हाळी कांदा चाळीत चार-सहा महिने राहतो आणि खरिपाचा लाल कांदा राहत नाही, कारण दोघांची झोप सारखी नाही. राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधन संचालनालय आहे. तिथल्या वाणांना भीमा शक्ती, भीमा किरण अशी तुमच्या नदीचीच नावं दिली आहेत आणि तिथल्या कामाचा एक मोठा भाग या झोपेभोवतीच फिरतो. कोंब लवकर फुटू नये, एवढीच त्या सगळ्या खटपटीमागची इच्छा. अंगणातल्या कंदाला हीच विद्या उलटी लावायची असते, झोप पूर्ण होऊ द्यायची आणि मग कोंबाची वाट बघायची. कार्तिकानंतर अमरिलिसचं पाणी कमी करत जायचं, मार्गशीर्षात जवळजवळ बंद करायचं, पानं पिवळी पडली तर पडू द्यायची. माघ-फाल्गुनात मातीतून बोटाएवढी चपटी कळी वर येते. दांडा आतून पोकळ आणि बहुधा पानांच्याही आधी निघतो. होळीपासून चैत्रापर्यंत त्यावर कर्ण्याएवढी दोन, चार, कधी त्याहूनही जास्त फुलं उघडतात. हे फूल त्या महिन्यातल्या पाण्याचं नसतं. ते मागच्या पावसाळ्यात पानांनी कमावलेलं असतं आणि त्याची कळी महिनोन् महिने गड्ड्याच्या पोटात तयार असते. म्हणूनच फुलं झडल्यावर ‘आता काय उपयोग’ म्हणून हिरवी पानं कापणारा माणूस पुढच्या वर्षाचं फूल कापत असतो.

आणि ही एका फुलापुरती गोष्ट नाही. आपल्या कोरड्या चैत्र-वैशाखाला फुलांचा स्वतःचा क्रम आहे. अमरिलिस संपत येतो तेव्हा भुईचाफा निघतो. हा हळदीच्या कुळातला, भारतातलाच. हिवाळ्यात त्याची पानं पूर्ण नाहीशी होतात, कुंडी रिकामी म्हणून कुणी फेकूनही देईल. मग भर उन्हाळ्यात मातीला चिकटून, दांडा नाही की पान नाही, अशी पांढरी-जांभळी सुवासिक फुलं उमलतात. एकेक फूल जेमतेम दिवसभर टिकतं, पण एकामागून एक येत राहतात. मेच्या शेवटाला आफ्रिकेतून आलेला मे फ्लॉवर लाल चेंडू काढतो. एका चेंडूत शंभराच्या घरात बारीक फुलं असतात. आणि पहिला वळीव पडून गेल्यावर काही दिवसांतच पावसाळी लिली एकदम गुलाबी होते. होळीपासून मृगापर्यंत, म्हणजे तुमच्या रानात पाण्याची सगळ्यात जास्त ओढाताण असते त्याच काळात, ही रांग चालू असते. घाटातल्या रानकंदांचंही वेळापत्रक असंच. कोळकांदा ऐन उन्हात, अंगावर एक पान नसताना, हातभर दांडा काढतो. महाबळेश्वरच्या एका पांढऱ्या लिलीला क्यू उद्यानाच्या बेकर यांनी वुड्रो यांचं नाव दिलं. हे वुड्रो पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकवत आणि गणेशखिंडीची वनस्पती बाग सांभाळत. ती लिलीही पावसाच्या तोंडावरच फुलते. तेव्हा या दिवसांत फुलणं हे थंड मुलखाचं अनुकरण नाही, दख्खनची ही जुनी रीत आहे. पळस, पांगारा आणि काटेसावर तेच करतात. फक्त त्यांची शिदोरी खोडात असते.

आबा : बोलता ग्वाड. पण मला सांगा, आठ दिवसांच्या फुलापायी वर्षभर पानं राखायची? त्यापरीस सदाफुली लावा, जास्वंद लावा. रोज सकाळी परडीभर निघत्यात, देवाला होत्यात. तुमच्या अमरिलिसला ना वास, ना ते हारात बसत. कंदच लावायचा तर गुलछडी लावा, निदान गुलटेकडीला नेली तर वजनावर पैसा हाय. आन् अजून एक. झाडाला पाणी घालतंय कोण? घरातल्या बायाच. हंडा त्यांच्या डोक्यावर आन् हौस दुसऱ्याची.

मी : शेवटच्या वाक्यापासून सुरू करते, कारण तुमच्या सगळ्या आक्षेपांत ते सगळ्यात वजनदार आहे. अंगणातल्या झाडांचं पाणी हे घरातल्या बाईच्या कामात धरलेलं असतं आणि ते कुणी मोजत नाही. फुलांवर लिहिणारे या विषयाला शिवतच नाहीत. पण याच कसोटीवर झाडं लावून बघा. गुलाबाला उन्हाळ्यात रोज पाणी हवं. हिरवळीला तर किती द्यावं तेवढं कमी. महामार्गाकडेच्या हॉटेलांपुढची हिरवळ टँकरवर जगते, तिच्याबद्दल मात्र ओट्यावर कुणी चकार शब्द काढत नाही. जास्वंदाच्या कुंडीला चैत्रात दोन दिवस पाणी चुकलं, की पानं लोंबतात. सगळ्या अंगणात ऐन टंचाईच्या आधी चार महिने ज्याला पाणी घालायचंच नसतं असं झाड कंदाचं. त्याला पाणी लागतं ते मुख्यतः पावसाळ्यात, जेव्हा ते फुकट असतं. फुलताना दोन-तीन दिवसांआड तांब्याभर दिलं तरी भागतं. कामाचा भार हाच निकष असेल, तर कंद पहिला नंबर काढतो.

गुलछडीबद्दल माझं भांडण नाही. ती मूळची मेक्सिकोची, पण आता इतकी आपली झाली आहे, की लग्नातला हार तिच्याशिवाय पुरा वाटत नाही. बेंगळुरूच्या फलोद्यान संशोधन संस्थेनं शृंगार, प्रज्वल असे वाण काढले, महात्मा फुले कृषी विद्यापीठानं फुले रजनी काढला. एप्रिल-मेमध्ये कंद लावले, की तीन-चार महिन्यांत दांडे सुरू होतात आणि तेच पीक दोन-तीन वर्षं चालतं. दोन गुंठे लावली तर घरखर्चाला हातभार लागतो, हे खरं. पण ती शेती झाली, तिच्या मागे काढणी, पॅकिंग आणि पहाटेची गाडी आली. अंगणातल्या दहा गड्ड्यांकडून तुम्ही तेच मागता, तेव्हा जास्वंदाकडूनही मागायला हवं. जास्वंद परडी भरतो म्हणून तो कामाचा आणि अमरिलिस नुसता बघायचा म्हणून वाया, या हिशेबात मला एक खोट दिसते. आषाढी वारीच्या वाटेवर यवतचा मुक्काम हलवून तुकोबांची पालखी वरवंडकडे निघते, ती भांडगावावरूनच पुढे जाते. वर्षातून एकदा, काही तासांची गोष्ट. तेवढ्यासाठी गाव झाडलं जातं, रांगोळ्या पडतात, यवतचं पिठलं-भाकरी तर सगळ्या वारीला माहीत आहे. पालखी रोज येत नाही म्हणून तिचं महत्त्व कमी, असं या गावात कुणी म्हणणार नाही. काही सुखं रोजची असतात, काही तिथीची. रोजच्या फुलाकडे माणूस महिन्याभरात बघेनासा होतो, ते परडीत खुडण्यापुरतं उरतं. तिथीच्या फुलाची वाट बघितली जाते आणि कंद फुलण्याचं सुख मोठ्या भागानं या वाट बघण्यात आहे. रिकाम्या दिसणाऱ्या मातीत काहीतरी आहे हे ज्याला माहीत असतं, त्यालाच ते मिळतं. जाणाऱ्या-येणाऱ्याला फक्त फूल दिसतं.

पैशाबद्दल एवढंच म्हणेन, की कंद विकून फायदा होत नसला तरी कंद विकत घ्यावाही लागत नाही. एका गड्ड्याला दोन-तीन वर्षांत पिल्लं सुटतात, पिल्लू वेगळं करून लावलं की साधारण तीन वर्षांत तेही फुलतं. गावागावांतले लाल अमरिलिस असेच या घरातून त्या घरात, माहेराहून सासरी गेलेले आहेत. त्यांचं नर्सरीतलं नाव कुणाला ठाऊक नाही आणि ठाऊक असायची गरजही नाही.

आबा : बरं, हौस मानली. पण आमची जमीन बघितली का? काळी, चिकट. पावसाळ्यात पाणी धरून बसती. कालव्याखाली बरीच रानं तर चोपण झाल्याती. तिथं तुमचा गड्डा सडंल. शेळ्या हायेत, लेकरं हायेत. आन् ते रानातले कंद म्हणालात, उद्या पोरं कुदळ घेऊन घाटात जातील, त्याचं काय?

मी : हे तिन्ही मुद्दे खरे आहेत आणि त्यांतला एक सोडवता येतो, दुसरा अर्धा सोडवता येतो, तिसऱ्यावर मी पूर्ण तुमच्या बाजूची आहे. काळ्या मातीत गड्डा सडतो, यात शंका नाही. कंद मरतो तो कोरडीनं क्वचित, साचलेल्या पाण्यानं नेहमी. म्हणून जमीन वीतभर उंच करून वाफा घ्यायचा, मातीत मुरूम किंवा जाड वाळू आणि मुरलेलं शेणखत मिसळायचं, अमरिलिसच्या गड्ड्याची मान मातीच्या वर ठेवायची. तुमच्याकडे उसाचं पाचट पेटवून देतात. तेच वाफ्यावर पातळ पसरलं, तर उन्हाळ्यात माती भाजत नाही. मात्र पाऊस लागला की ते मानेपासून बाजूला सारायचं. चोपण जमीन असेल तर वाफ्याच्या नादी न लागता कुंडीच घ्यावी, फुटक्या माठाची चालेल.

शेळी या पानांना सहसा तोंड लावत नाही, कारण अमरिलिससारख्या लिलींच्या गड्ड्यांत आणि पानांत लायकोरीन नावाचं विष असतं. ती एका अर्थी सोय आहे आणि दुसऱ्या अर्थी धोका. गड्डा दिसायला कांद्यासारखा. लेकरानं खाल्ला तर ओकाऱ्या सुरू होतील. काढलेले गड्डे स्वयंपाकघरात किंवा चाळीत कांद्याशेजारी कधीही ठेवू नयेत, ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवायला हवी. कळलावीचा कंद तर याहून घातक, लहान मुलं असतील त्या अंगणात ती नकोच. पावसाळ्यात लिलीवर काळी, पांढऱ्या-नारिंगी ठिपक्यांची अळी येते आणि एका रात्रीत पानांची चाळणी करते. औषध मारायची घाई न करता संध्याकाळी हातानं वेचली तरी आटोक्यात येते. दहा गड्ड्यांना एवढं पुरतं.

रानातल्या कंदांबद्दल मात्र दुमत नको. सह्याद्रीच्या सड्यांवरची दीपकाडी, वुड्रोंच्या नावाची लिली, कंदीलपुष्पाच्या जाती ही मूठभर जागांत उरलेली झाडं आहेत. ती घाटातून उपटून दौंडच्या उन्हात आणली तर दोन्हीकडे मरतात, तिथली जागा रिकामी होते आणि इथली कुंडीही. रानात ती बघायची, शक्य तर फोटो काढायचा, हात लावायचा नाही. अंगणासाठी पिढ्यान् पिढ्या अंगणातच वाढलेले कंद भरपूर आहेत.

एक आक्षेप मला खोडता येत नाही. ज्या घरात आवर्तन चुकलं, की चूल कशी पेटेल याची चिंता असते, तिथे फुलाचं सुख कुणी सांगू नये. पण त्या घरातही चुलीमागच्या सांडपाण्यावर अळू असतं, दारात तुळस असते. त्यांच्या शेजारी एक गड्डा बसायला वेगळी जमीन, वेगळं पाणी किंवा वेगळा पैसा लागत नाही. आबांना माझं हे म्हणणं पटेल का, सांगता येत नाही. डेंगळा बघितला की त्यांचा हात तो मोडायला जाणार आणि रानात तो जायलाच हवा. अंगणापुरता त्यांनी तो आवरावा, एवढंच माझं मागणं आहे. वाचकांपैकी ज्यांच्याकडे जुने गड्डे आहेत त्यांनी यंदा पौष-माघात पिल्लं वेगळी करून दोन-चार घरांत वाटावीत. ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी ती मागून आणावीत आणि ट्यूलिपचं रंगीत पाकीट दुकानातच राहू द्यावं.